विश्वस्तहो, फलकावर कपडा लिहा, बाईबद्दल नको

प्रति,
महाराष्ट्रातील देवस्थानांचे विश्वस्त आणि व्यवस्थापन समित्या

सन्माननीय विश्वस्तहो,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात ब्लाउज शिवते. फॉल-पिको, परकर, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत शिवलेली नऊवारी, सगळंच करते, पण घर चालतं ते ब्लाउजवर. तुमच्या देवळांत दर्शनाला येणाऱ्या कितीतरी बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. त्यामुळे देवळात कोणते कपडे चालतात आणि कोणते चालत नाहीत, हा विषय पेपरात आला की मशीन थांबवून मी तो आधी वाचते.

आधी एक स्पष्ट करते. देवळात कपड्यांचा नियम असावा की नसावा, या भांडणात मला पडायचं नाही. असू दे नियम. सोवळं नेसल्याशिवाय गाभाऱ्यात जायचं नाही हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. गुरुद्वारात डोकं झाकतात, जुन्या गोव्यातल्या चर्चच्या दारात उघड्या खांद्यांना अडवतात. ज्याचं घर त्याची रीत. फाटक्या जीन्समध्ये कुणी देवीपुढे उभं राहिलं तर मलाही ते बघवत नाही, आणि मी काही जुन्या वळणाची म्हातारी नाही. माझं भांडण आहे ते तुमच्या फलकावरच्या विशेषणांशी.

मे 2023 मध्ये तुळजापूरला भवानीच्या देवळात फलक लागले होते ते आठवा. अंगप्रदर्शक, उत्तेजक, असभ्य, अशोभनीय वस्त्रं घालणाऱ्यांना, तसंच हाफ पँट आणि बर्मुडा घालणाऱ्यांना प्रवेश नाही, असा मजकूर होता. ओरड झाली आणि त्याच दिवशी फलक उतरवले गेले. तेव्हा चर्चा झाली ती देवळानं असं करावं की नाही याची. मी मात्र ते वाक्य दोनतीनदा वाचलं. हाफ पँट आणि बर्मुडा ही कपड्यांची नावं आहेत. बर्मुडा कुठं संपतो ते कुणालाही कळतं, आणि अडवला गेलेला बाप्या हॉटेलवर जाऊन पँट चढवून येतो. त्याच्या मनाला काही लागत नाही. पण उत्तेजक नावाचा कपडा मला आजवर कुणी शिवायला टाकलेला नाही. असभ्य नावाचा पॅटर्न माझ्याकडे नाही. पुरुषाला तुम्ही कपड्याचं नाव सांगितलंत आणि बाईला, नाव न घेता, विशेषण चिकटवलंत. ती चार विशेषणं कोणासाठी लिहिली आहेत हे रांगेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तुळजापूर हे एकटं नाही. शिर्डीत डिसेंबर 2020 मध्ये सभ्य पेहराव करून या असं आवाहन करणारे फलक लागले, ते काढायला निघालेल्या, बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी लढणाऱ्या तृप्ती देसाईंना पोलिसांनी वाटेतच ताब्यात घेतलं. तुळजापूरनंतर लगेच नागपुरातल्या काही मंदिरांनी वस्त्रसंहिता जाहीर केली. जानेवारी 2025 मध्ये सिद्धिविनायकनं, मग आमच्या अंबाबाई आणि जोतिबाच्या देवळांनी, जुलैपासून कार्ल्याच्या एकवीरेनं. प्रत्येकाचे शब्द थोडे वेगळे, पण सभ्य, शालीन, शोभनीय, संस्कृतीला साजेसं, हीच माळ सगळीकडे. दारावर उभ्या असलेल्या माणसानं या शब्दांचं करायचं काय?

मागच्या श्रावणात एका मोठ्या देवस्थानात रांगेत होते. नाव घेत नाही, कारण हे कुठंही होऊ शकलं असतं. माझ्या पुढं कॉलेजातली एक मुलगी, घोट्यापर्यंत लांब कुर्ता, फक्त बिनबाह्यांचा. तिच्या पुढं साधारण माझ्या वयाची एक बाई, अंगावर मोरपंखी पैठणी. तिचा ब्लाउज मी शिवलेला नव्हता, पण काम ओळखीचं होतं. पाठीला वर एक दोरी, तिला मोत्यांची लटकनं, खाली दीड इंचाची पट्टी, मधली पाठ सगळी मोकळी. असल्या ब्लाउजला आम्ही आतून कप लावतो, नाहीतर तो अंगावर बसत नाही. सिक्युरिटीच्या मुलीनं पैठणीला हात जोडून आत सोडलं आणि कुर्तेवालीला बाजूला घेतलं. "ताई, हे चालणार नाही. समोरच्या दुकानातून ओढणी घ्या." ती पोर रांग सोडून गेली, ओढणी घेऊन परत आली, पुन्हा मागून उभी राहिली. आत गेल्यावर ओढणी खांद्यावरून घसरून कोपरावर आली, तिच्याही लक्षात नाही आणि कुणी काही म्हणालंही नाही.

बाहेर पडताना मी त्या सिक्युरिटीच्या मुलीला विचारलं, काय बघून अडवतेस गं? ती बिचारी कंत्राटावरची, सकाळपासून उभी. म्हणाली, "आम्हाला नीट बघून सोडा म्हणतात. काय बघायचं ते कुणी सांगत नाही, मावशी."

म्हणजे नियम तुमचा, आणि तो ठरवायचा तिनं, तिथल्या तिथं, मागे चारशे माणसं उभी असताना. तिनं तिच्या नजरेनं ठरवलं. तिच्या जागी दुसरी असती तर पैठणी अडली असती. रोज टेपनं काम करणाऱ्या बाईला हे फार खटकतं. मी गिऱ्हाइकाला "गळा शोभेल असा ठेवते" असं सांगून चालत नाही. पुढचा गळा सात की साडेसात, मागचा नऊ की अकरा, बाही कोपराच्या वर किती, पट्टी किती, हे वहीत लिहून घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. अर्ध्या इंचावरून बायका ब्लाउज परत आणतात. आणि तुम्ही भर रांगेत एका मुलीला असभ्य ठरवता ते कसलंही माप न लिहिता.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. आम्ही पारंपरिक वेश म्हटलंय ना, मग प्रश्न कुठं येतो? प्रश्न तिथंच येतो. साडी हा एकच कपडा माझ्या मशीनवरून शंभर तऱ्हांनी जातो. पूर्ण बाही, बंद गळा, जाड खण, त्यावर इरकल, तीही साडीच. नेटचा पदर, कंबरेच्या खाली चार बोटं नेसलेली, दोरीवरचा ब्लाउज, तीही साडीच. दोन्हीकडे मला सारखेच बघवतं, दोन्हींचे पैसे घेतले आहेत. पण तुमच्या फलकानं दुसरी आत जाते आणि अंगभर कुर्ता बाहेर राहतो, तर तो फलक नेमकं काय झाकतो आहे?

परंपरेचंच बोलायचं तर आमच्या गावाइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नसेल. एप्रिल 2016 मध्ये तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या तेव्हा मारहाण झाली, आणि वादातला एक मुद्दा हा होता की त्या सलवार-कमीज घालून आल्या होत्या. मानेपासून घोट्यापर्यंत झाकणारा कपडा. त्याच वर्षाच्या शेवटी तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात चुडीदार चालेल असं तिथल्या अधिकाऱ्यानं जाहीर केलं, आणि केरळ उच्च न्यायालयानं ते फिरवलं. चुडीदारावरून मुंडू, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळूनच आत. त्याच मंदिरात पुरुषानं सदरा काढून उघड्या अंगानं जायचं असतं. मग हे अंग झाकण्याबद्दल आहे की रिवाजाबद्दल? रिवाजाबद्दल असेल तर तसं लिहा. "आमच्याकडे साडीची रीत आहे" हे वाक्य वाचून कुणाची मान खाली जात नाही.

आणि 2017 चा जून कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. अंबाबाईला एके दिवशी साडीऐवजी घागरा-चोळी नेसवली आणि गाव पेटलं. मोर्चे निघाले, पुजारी हटावची मागणी झाली, 2018 मध्ये सरकारनं त्या देवळासाठी वेगळा कायदा केला. भांडणाच्या मुळाशी पुजाऱ्यांबद्दलचा जुना राग होता, हे इथलं कुणीही सांगेल, पण ठिणगी कपड्याची होती. घागरा-चोळी पारंपरिक नाही असं गुजरातेत जाऊन म्हणून बघा. रस्त्यावर उतरलेल्या बायकांत माझी गिऱ्हाइकं होती. त्यातल्याच एकीनं त्या दिवाळीत मुलीसाठी माझ्याकडून घागरा शिवून घेतला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. देवीचा मान निराळा, लेकीची हौस निराळी. हे बाईला सहज कळतं, फलकाला कळत नाही.

एकवीरेचं तर मला नवलच वाटतं. ती कोळ्यांची आणि आगऱ्यांची आई. चैत्रात पालख्या घेऊन मुंबईपासून कोळीवाडेच्या कोळीवाडे डोंगर चढतात. कोळिणीचं लुगडं कसं असतं ते तुम्ही पाहिलंच असेल: नऊवारी, गच्च कास घातलेलं, गुडघ्यापाशी संपणारं. चिखलात, होडीत, बाजारात पाटी उतरवताना ते पायात येऊ नये म्हणून ते तसं आहे. पोटऱ्या उघड्या. उद्या कुणा नव्या रखवालदारानं शब्दाला शब्द लावून गुडघ्याखालचं अंग झाकलेलं हवं असं धरलं, तर जिच्या आजीच्या आजीनं त्या देवीला नवस बोलले तीच बाहेर राहील. आणि तसं होणार नाही, कोळिणीला कुणी अडवणार नाही, हेही मला माहीत आहे. तेवढ्याच उंचीचा फ्रॉक घातलेली तिची नात मात्र अडेल. पाय तेच, उंची तीच, डोंगर तोच.

अहो, आपल्याकडे शालीनतेचा नियम लावून बायकांची चोळी काढून घेतलेली आहे. सोवळ्या बायका आठवतात का कुणाला? केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या. माझ्या आजीनं तिच्या लहानपणी पाहिल्या होत्या. विधवेनं चोळी घालायची नाही, ही रीत. उघडा दंड, उघडी पाठ, वरून आलवणाचा पदर, आणि याच वेशात त्या पहाटे देवळात जायच्या, नैवेद्य रांधायच्या. तेव्हाच्या विश्वस्तांना त्यात अशोभनीय दिसलं नाही. उलट एखादीनं चोळी घातली असती तर दिसलं असतं! आनंदीबाई जोशींची गोष्ट याच्या अगदी उलटी. 1883 मध्ये त्या डॉक्टरकीसाठी अमेरिकेला गेल्या, आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून तिथं गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. ते त्यांच्या नवऱ्याला, गोपाळरावांना, रुचलं नाही. जास्त अंग झाकलं म्हणून नवरा नाराज, असाही एक काळ होता.

आता कायद्याचं थोडं. मी वकील नाही, पण विनयभंग हा शब्द पेपरात रोज वाचते. पूर्वीचं 354 कलम, आता न्याय संहितेत 74. हा विनय असतो कुठं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं 1966 मध्ये आला होता, पंजाबच्या एका खटल्यात. पीडिता साडेसात महिन्यांचं बाळ होतं. न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की विनय त्या बाळालाही आहे, तो तिला जन्मानंच मिळालेला आहे. तुमचा फलक म्हणतो तो कपड्यानं येतो आणि कपड्यानं जातो. दुसरा निकाल आपल्या नागपूर खंडपीठाचा, 2023 चा. उमरेडजवळच्या रिसॉर्टमध्ये बायका तोकड्या कपड्यांत नाचत होत्या म्हणून पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला होता. न्यायमूर्तींनी तो रद्द केला, आणि असा निर्णय पोलिसांच्या हाती सोडायला आम्ही तयार नाही असं म्हटलं. रिसॉर्ट आणि देऊळ एक नाही, हे मलाही कळतं. पण जे ठरवणं न्यायालयानं पोलिसावर सोडलं नाही, ते तुम्ही कंत्राटावरच्या एका पोरीवर सोडलंत.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही मनानं केलं नाही, भाविकांनीच तक्रारी केल्या, त्यात बायकाही होत्या. खरं आहे. माझ्या दुकानात बसून फलकाचं कौतुक करणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत, आणि त्या काही वाईट नाहीत. त्यांना देवळात शांत वाटायला हवं असतं. पण तुमचे शब्द देवळात राहत नाहीत, हे तुमच्या ध्यानात येत नसावं. फलकाचा फोटो निघतो, तो घराघराच्या ग्रुपवर जातो. सिद्धिविनायकची बातमी आली त्या आठवड्यात एक नवी सून तिचे चार ब्लाउज घेऊन आली, बाह्या वाढवून द्या म्हणून. कापड नव्हतं, शिवणीच्या आत माया, म्हणजे दुमडून ठेवलेलं जादा कापड, नव्हती, वाढवणार कुठून? तिला म्हटलं, चांगले तर आहेत. तर म्हणाली, "आत्यांनी देवळाचा फोटो दाखवला, हे असलं देवालाही चालत नाही म्हणाल्या." त्या पोरीला देवळात जायचंच नव्हतं. तिला बँकेत जायचं होतं, नोकरीला. मी वेगळ्या रंगाचं कापड जोडून बाह्या लावून दिल्या. वाईट दिसतात त्या.

तुमच्या नावाला वजन आहे. सासूनं म्हटलं तर सून वाद घालेल, देवानं म्हटलं तर घालणार नाही. म्हणून तुम्ही लिहिलेला एक शब्द शाळेच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या नोटिशीपेक्षा जास्त लागतो.

तेव्हा मागणी साधी आहे. फलक ठेवा, फक्त मजकूर बदला. असभ्य, उत्तेजक, अशोभनीय, शालीन, सगळे पुसा. त्या जागी शरीराचा भाग आणि माप लिहा. मला विचाराल तर इतकं पुरे: "दर्शनाला येताना खांदे आणि मांड्या झाकलेल्या असाव्यात. हा नियम स्त्री-पुरुष सर्वांना आहे. ज्यांना गरज असेल त्यांना दारात वस्त्र मिळेल." गुडघा मी मुद्दाम लिहिला नाही, कोळिणीचं वर सांगितलंच. पुजाऱ्यांच्या सोवळ्याला सूट हवी तर तीही खाली लिहा, लाजायचं काय त्यात. साडीचीच रीत असेल तर "गाभाऱ्यात साडी" एवढं लिहा. रखवालदाराला ठरवायला काहीही उरता कामा नये. आणि अडवायचंच असेल तर रांगेच्या तोंडाशी अडवा. दोन तास उभं राहिल्यावर, चारचौघांत, दर्शन हातभर अंतरावर आलेलं असताना नको.

वस्त्र फुकट द्या, हे मी पुन्हा सांगते. समोरच्या दुकानातून ओढणी विकत आणायला लावली की लोकांना त्यात धंद्याचा वास येतो, आणि तो वास तुम्हाला परवडणारा नाही.

तेवढ्यासाठी खर्च किती, असा प्रश्न पुढच्या बैठकीत कुणी काढील म्हणून सांगून ठेवते. मांजरपाट घेऊ नका, धुऊन धुऊन विरळ होतो आणि उन्हात पलीकडचं दिसतं. पॉपलीन घ्या, गडद रंगाचं, 44 इंची पन्ह्याचं. एका वस्त्राला दोन मीटर लागतं. कंबरेला गुंडाळून बाजूला नाडीनं बांधायचं, म्हणजे मापाचा प्रश्न नाही, बाईला चालतं आणि बाप्यालाही. खांद्यावर घ्यायचं उपरणं दीड मीटरचं. शंभर कंबरेचे आणि शंभर खांद्याचे असले की मध्यम देवळाचं भागेल, निम्मे अंगावर आणि निम्मे धुण्यात. धुण्याचं काम कुणाकडे द्यायचं ते मात्र आधी ठरवा, नाहीतर महिन्याभरात कुणी त्याला हात लावणार नाही.

कापड तुमचं असेल तर कोल्हापुरातल्या देवळांसाठीचे पहिले शंभर मी शिवून देईन, शिलाई न घेता. नवरात्राच्या आधी सांगा. नवरात्रात मला मान वर करायला सवड नसते.

आपली,
ब्लाउज शिवणारी एक भाविक
कोल्हापूर